गंजीवरचा मुकादम

आमच्या मालिकेतला मुकादम दर आठवड्याला पडतो. कधी शिडीवरून, कधी ओल्या फरशीवर, कधी स्वतःच ठोकलेल्या खिळ्यात धोतर अडकून. लोक त्याच्या पडण्याची वाट पाहतात. मागे महागावला एका लग्नात गेले होते. तिथे एका अनोळखी बाईनं पंगतीत माझा हात धरला आणि विचारलं, "वो बाई, या आठवड्यात कुठून पाडून राह्यल्या त्याले?" मला इतका आनंद झाला की वाढलेलं ताट तसंच ठेवून मी आधी घरी फोन केला. लेखकाला लोक ओळखत नाहीत, नटाला ओळखतात, असं सगळे म्हणतात. मला मात्र त्या बाईनं बरोबर हुडकून काढलं होतं.

तो मुकादम म्हणजे माझे धाकटे दीर, आणि त्यांना कुठून पाडायचं ते ठरवणारी मी. आठवडाभर मी कळंब रस्त्यावरच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसाची रुई आणि सरकी वेगळी करायच्या कारखान्यात, काट्यावर बसते. कापसाच्या गाड्या येतात, मी वजन करते आणि आत सोडते. भाऊजी त्याच जिनिंगमध्ये फिटर आहेत. माझी जाऊ, म्हणजे त्यांची बायको, गंजीवर काम करते. आवारात कापसाचा जो घराएवढा ढीग रचलेला असतो ना, ती गंजी. तिच्या पायथ्याचा कापूस ओढून मशीनकडे सरकवायचा, हे तिथल्या बायांचं काम. असे आम्ही एकाच घरातले तिघं एकाच फाटकातून आत जातो. भाऊजी मला वहिनी म्हणतात म्हणून अख्खं युनिट मला वहिनी म्हणतं. आमचे दिग्दर्शक हायस्कुलात चित्रकला शिकवतात, माझ्याहून पुष्कळ मोठे आहेत, पण तेसुद्धा वहिनीच म्हणतात. त्यांना सगळे सर म्हणतात.

हे सगळं आमच्या विहारासमोरच्या अंगणात सुरू झालं. जयंतीच्या कार्यक्रमात भाऊजींनी जिनिंगच्या मुकादमाची नक्कल केली. मी ती लिहून दिली होती. समोर बसलेली निम्मी माणसं कोणत्या ना कोणत्या जिनिंगमध्ये राबलेली, त्यामुळे ती हसून हसून आडवी झाली. सर पाहुणे म्हणून आले होते. त्यांनी तिथंच ठरवलं की याची मालिका करायची. आधी यवतमाळच्या केबलवर लागायची, मग एका मोठ्या वाहिनीनं घेतली. आमची बोली, आमचा कापूस आणि आमचं जिनिंग टीव्हीवर आलं. ज्यांना हे किरकोळ वाटतं त्यांनी एकदा आमच्या गावात येऊन त्या संध्याकाळी रस्त्यावर कोणी दिसतं का ते पाहावं.

अपघातांवर विनोद करायचा म्हणजे जबाबदारीचं काम असतं, हे मला कोणी शिकवलं नाही. माझी आईसुद्धा जिनिंगमध्ये होती. तिच्या जोडीदारणीचा पदर एकदा मशीनच्या पट्ट्यात ओढला गेला होता. बाई वाचली, पण नंतर तिनं कधी पदर मोकळा सोडला नाही, आणि कोणाचा मोकळा दिसला की स्वतः उठून खोचून द्यायची. असल्या गोष्टी ऐकत मी वाढले. म्हणून मालिकेचा पहिला भाग लिहिताना मी सरांना स्पष्ट सांगितलं, की आपल्याकडे मजुराला काही होणार नाही. पडायचं, आपटायचं, शॉक खायचा तो मुकादमानं. "काहून?" सरांनी विचारलं. मी म्हटलं, "घाई कोन करायले लावते? मग पडाचं बी त्यानंच." सरांनी ते वाक्य जसंच्या तसं फळ्यावर लिहून ठेवलं. अजूनही ते त्यांच्या घरी आहे म्हणतात.

आम्ही शूटिंग रविवारी करायचो, कारण रविवारी मार्केट बंद, जिनिंग बंद. मालकांनी आवार दिलं ते एका अटीवर, की आगीचं काही नको. ती अट त्यांनी घातली नसती तरी आम्ही पाळलीच असती. कापसाजवळ ठिणगी म्हणजे काय, हे आमच्या पोट्ट्यापोट्ट्यांना ठाऊक असतं. आत येताना फाटकावर काडेपेट्या आणि बिड्या जमा करायच्या. मोठे दिवे लावायचेच नाहीत, उन्हाच्या उजेडात आणि थर्माकोलच्या पांढऱ्या तक्त्यांवर काम भागवायचं. वाळूच्या आणि पाण्याच्या बादल्या ओळीनं मांडलेल्या. मुंबईहून वाहिनीची माणसं पहिल्यांदा आली तेव्हा एकाच्या खिशातून सिगारेटचं पाकीट काढून घेताना माझ्या जावेनं त्याचा चेहराही पाहिला नाही. सगळे मोठमोठ्या स्टुडिओत काम केलेले लोक, पण म्हणाले, इतकी शिस्त आम्ही कुठे पाहिली नाही. आम्ही नुसते हुरळून गेलो.

सरांचे दोन नियम होते. एक, ते 'कट' म्हणेपर्यंत कोणी हलायचं नाही आणि कॅमेरा थांबायचा नाही. कॅमेरा चालवणारा एरवी लग्नांचं शूटिंग करतो, तिथे मांडव कोसळला तरी कॅमेरा बंद करत नसतात, त्यामुळे त्याला हे जमलं. दुसरा नियम, शॉट चालू असताना जो हसेल त्यानं सगळ्यांना आलूबोंडे खाऊ घालायचे. म्हणून शॉट सुरू झाला की सगळी मंडळी तोंडात दुपट्टे आणि पदर कोंबून उभी राहायची. डोळ्यांतून पाणी, खांदे हलताहेत आणि आवाज मात्र नाही. बाहेरच्या माणसाला वाटावं कोणी गेलं की काय.

वाहिनीनं मालिका घेतल्यापासून मात्र आमचं आरामात काम करणं संपलं. केबलवर असताना एखादा रविवार हुकला तर हुकला. आता मुंबईहून एक तरुण मुलगी दर आठवड्याला यायची, आम्ही तिला मॅडम म्हणायचो. मुलगी हुशार आणि कष्टाळू होती. फोन सतत कानाला. तिच्याही डोक्यावर कोणीतरी बसलेलं होतं हे दिसायचं. ती यायची आणि म्हणायची, "वहिनी, भाग छानच आहे. फक्त पडणं थोडं मोठं करता येईल का?" मग पुढच्या आठवड्यात आणखी मोठं. शिडी वाढली, उंची वाढली. मी लिहीत होते, सर घेत होते आणि भाऊजी पडत होते.

हंगाम ऐन भरात होता. आठवडाभर भाऊजी मशीनखाली, रविवारी कॅमेऱ्यासमोर. काम करताना शीळ वाजवायची त्यांची जुनी सवय, ती बंद झाली. उभ्या उभ्या जेवायचे. डब्यातली भाजी कोणती होती हे विचारलं तर सांगता यायचं नाही. एकदा जावेनं मला बाजूला घेऊन सांगितलं, "वहिनी, हे झोपेत पडून राह्यले. म्हंजे झोपेत बी ॲक्टिंग करते. खाटेवरून पाय झाडते, अन् मंग उठून म्हनते, बराबर जमलं का?" आम्ही दोघी हसलो, पण तिचं हसणं लवकर थांबलं. मी भाऊजींना म्हटलं, एक रविवार सुट्टी घ्या. ते म्हणाले, "वहिनी, आता आपलं टीव्हीवर लागून राह्यलं. आता सुट्टी नाही, आता आपल्याले पाह्यते लोकं." बोलताना त्यांची छाती भरून आली होती, आणि खोटं कशाला सांगू, माझीही.

गंजीचा प्रसंग कोणाला सुचला हे आता सांगता येणार नाही, सगळेच एकदम बोलत होते. मुकादम मजुरांवर नजर ठेवायला गोदामाच्या भिंतीवर चढतो, जास्तच वाकतो आणि गंजीत डोक्यावर पडतो. वर फक्त दोन पाय हलताना दिसतात. मग कापसातून त्याचा आवाज येतो, "काम कोनं थांबवलं बे?" मॅडमनं टाळीच वाजवली. शिडीवरून पडायचं असलं तर आम्ही गाद्या टाकायचो, दोरी बांधायचो, कोणाला तरी खाली उभं करायचो. गंजीच्या वेळी कोणी काही केलं नाही. बादल्या मात्र दुप्पट मांडल्या. भाऊजी म्हणाले, "कापसावर पडून आजवर कोनाले लागलं का?" सगळ्यांनी माना डोलावल्या. आम्ही सगळे लहानपणी गंजीवर उड्या मारून मोठे झालेलो. आग लागली तर कापूस वैरी, हे आमच्या रक्तात आहे. आग नसलेला कापूस कधी कोणाचं वाकडं करील, ही शंका कापूसवाल्यांच्या डोक्यात येतच नाही. ती चूक परमुलखातल्या माणसानं केली नसती. तो घाबरला तरी असता.

गंजी आणि भिंत यांच्यामध्ये एक खोल फट होती. आदल्या दिवशी बायांनी एका बाजूनं कापूस ओढून नेल्यामुळे वरचा कापूस नुसता तरंगत उभा होता. हे नंतर कळलं. तेव्हा आम्हाला दिसलं ते एवढंच, की भाऊजी भिंतीवर झकास वाकले, हात फिरवले, "अरे अरे अरे" म्हणत गेले आणि थेट त्या फटीत डोक्यावर उतरले. पाय वर. एक चप्पल उडून गोदामाच्या पत्र्यावर गेली. ती चप्पल लिहिलेली नव्हती, त्यामुळे सगळ्यांच्या तोंडात दुपट्टे आणखी आत गेले. पाय हलत होते. मग वरून कापसाचा एक मोठा लोंढा अगदी सावकाश, आवाज न करता खाली आला आणि पाय गुडघ्यापर्यंत झाकले. पाय आणखी जोरानं हलायला लागले.

मी कागद हातात धरून बसले होते आणि पुढच्या वाक्याची वाट पाहत होते. वाक्य आलं नाही.

भाऊजींचं वाक्य कधी उशिरा येत नाही. हे मी घरातली म्हणून सांगत नाही, सरांनाही विचारा. समोरचा हसला की किती थांबायचं, हसू उतरायला लागलं की नेमकं कुठे बोलायचं, हे त्यांना उपजत कळतं. माझं बिघडलेलं वाक्यही ते वेळेवर टाकून वाचवतात. तो माणूस इतका थांबणार नाही. मी कागद टाकले आणि धावत गेले, कॅमेऱ्यासमोर. "थांबवा!" मी ओरडले. "भाऊजी गुदमरून राह्यले, थांबवा!"

आणि सगळे खो-खो हसले.

त्यांना वाटलं वहिनीनं ऐन वेळी काहीतरी नवीन घातलं. मी कधी कॅमेऱ्यासमोर गेले नव्हते, म्हणून तर ते जास्तच हसले. आलूबोंड्यांची पर्वा कोणाला राहिली नाही. सरांनी 'कट' म्हटलं नाही, कारण शॉट रंगला होता. माझी जाऊही हसत होती, पदर तोंडातून काढून, डोळे पुसत. मी मागे वळले. माझ्या तोंडावर काय होतं कोण जाणे. तिनं ते पाहिलं आणि तिचं हसणं तिथंच तुटलं.

दोन गडी गंजीवर चढायला धावले. ती किंचाळली, "वर नोका चढू! आनखी कोसळन! खालून ओढा, खालून!" रोज त्या बाया तेच काम करतात. वाकायचं, दोन्ही हातांनी कापूस कवेत घ्यायचा आणि दोन पायांमधून मागे फेकायचा. गर्दी म्हणून उभं करायला आणलेल्या सगळ्या बाया ओळीनं वाकल्या आणि फटीच्या तोंडाशी कापूस ओढायला लागल्या. मागच्यांनी तो लांब सारला. मॅडमही त्या ओळीत होती. तिचा फोन कुठेतरी कापसात वाजत होता, तिकडे तिनं पाहिलंही नाही. भाऊजींचे पाय आता हलत नव्हते.

जावेच्या हाताला आधी त्यांचा खांदा लागला. चौघांनी मिळून ओढलं. चेहरा काळानिळा, नाकातोंडात रुई. तिनं बोट घालून तोंडातला कापूस काढला, एकदा, पुन्हा, आणि पाठीत अशी थाप मारली की दुसऱ्या कोणी मारली असती तर भांडण झालं असतं. भाऊजी खोकले. मग श्वासाचा एक घोगरा आवाज आला. त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "वहिनी, माह्यं वाक्य राह्यलं."

कोणी हसलं नाही. सर बादल्यांच्या ओळीशी जाऊन खाली बसले आणि लहान मुलासारखे रडले.

जिनिंगच्या पिकअपमधून त्यांना यवतमाळला दवाखान्यात नेलं. मान लचकली होती, खांदा सुजला होता, छातीत कफ धरला होता. डॉक्टरांनी ठेवून घेतलं, तपासलं आणि मानेला पट्टा बांधून घरी पाठवलं. "आणखी थोडा वेळ गेला असता तर," एवढं बोलून डॉक्टर थांबले. त्यांचं पुढचं वाक्य ऐकायची कोणाचीच इच्छा नव्हती.

गोष्ट इथं संपली असती तर मी ती लिहिली नसती. पण कॅमेरा चालू राहिला होता.

भाऊजी घरी खाटेवर पडून होते. त्यांनी सरांकडून तो शॉट मोबाइलवर मागवून घेतला. मी गेले तर ते तो पुन्हा पुन्हा पाहत होते, मानेला पट्टा, आणि डोळ्यांत मात्र चमक. "वहिनी, पाय पाहा. पाय पाहा फक्त. खोटे पाय असे हालतच नाही. मी किती वर्सं पडून राह्यलो, असं एकदा बी जमलं नाही." खरं होतं. तुम्ही काही माहीत नसताना तो शॉट पाहिला असता तर हसून लोळला असतात. कापसाचा लोंढा जणू ठरवून आल्यासारखा येत होता. मॅडमचा फोन आला. ती अडखळत बोलत होती. म्हणाली, वर सगळ्यांना शॉट फार आवडला आहे. वहिनी येतात त्याच्या आधी कापला तर कोणाला कळणारही नाही. घरच्यांची हरकत नसेल तरच, असंही म्हणाली. आणि शेवटी हळूच म्हणाली, पुढचे भाग मंजूर व्हायचे आहेत.

मी म्हटलं, नाही. भाऊजी म्हणाले, हो. आमचं कडाक्याचं वाजलं.

"तुमाले कायचं वाईट वाटून राह्यलं? पडलो मी."

"तुमी पडले अन् आमी हसलो. तेच परत सगळ्या महाराष्ट्राले करायले लावाचं?"

"वहिनी, मी मरता मरता वाचलो. त्यातलं काहीतरी कामी तं येऊ द्या."

नटाची बाजूही मला कळत होती. आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम त्यांच्या हातून झालं होतं आणि मी ते कोणाला दाखवू नका म्हणत होते. मी लिहिलेलं एखादं वाक्य असं कोणी मागितलं असतं तर मी दिलं असतं का, कोण जाणे.

जाऊ चुलीपाशी भाकरी थापत होती. त्या दिवसापासून ती फारसं बोलत नव्हती, आम्ही समजलो दमली असेल. ती उठली, हात धुतले, पदराला पुसले आणि म्हणाली, "मले पाहू द्या." भाऊजींनी मोबाइल दिला. तिनं तो शॉट शेवटपर्यंत पाहिला. मी कॅमेऱ्यासमोर येते, मागचे सगळे हसतात, इथपर्यंत पाहिला. तिथं कोपऱ्यात ती स्वतः दिसते.

"याच्यात मी हसून राह्यली," ती म्हणाली.

भाऊजी म्हणाले, "तो भाग कापनार हाय. मॅडमनं सांगतलं ना."

"टीव्हीतला तुमी कापून टाकसान. माह्या डोक्यातला कोन कापन?" तिचा आवाज चढला नव्हता. "तुमचा जीव जाऊन राह्यलता अन् मी हसून राह्यलती. लोकं हे पाहून हसन, तवा दर खेपी मले तेच दिसन. तुमाले दाखवाचं असन तं दाखवा. पन मंग मले हसाले सांगू नोका, कधीच."

ती पुन्हा भाकरीकडे गेली. भाऊजींनी मोबाइल परत घेतला. मग त्यांनी एकदा, शेवटचं, पाहिलं. मी समोरच होते, मला दिसत होतं. पायांपाशी त्यांनी अंगठा थांबवला, बारीक डोळे करून पाहिलं, सुतारानं आपली एखादी जमून आलेली खुंटी पाहावी तसं. आणि पुसून टाकला. सरांना फोन लावला. "सर, तुमच्या कार्डातला बी काढून टाका. मॅडमच्या वरच्याइले पाठोला असन तं त्याइले बी सांगा, नाही म्हनून." सर काहीतरी समजावत असावेत. "नाही म्हंजे नाही," भाऊजी म्हणाले. "पुन्हा करीन ना मी. जिता हाय."

आमच्या घराण्यात कोणी पदक आणलं नाही, कोणाचा सत्कार झाला नाही. पण आपलं सगळ्यात चांगलं काम बायकोच्या एका वाक्यासाठी स्वतःच्या अंगठ्यानं पुसून टाकणारा माणूस माझा दीर आहे, हे मी कुठेही ताठ मानेनं सांगते.

मॅडमनं वर काय भांडण केलं ते तिनं कधी सांगितलं नाही. मालिका चालू राहिली एवढं खरं. पुढच्या वेळी आली तेव्हा ती म्हणाली, "पडणं लहान चालेल, वहिनी." सरांनी सगळ्यांना गोल उभं केलं आणि आपला नियम स्वतःच मोडला. आजपासून 'थांबा' कोणीही म्हणायचं, चहा देणाऱ्यानंसुद्धा. ज्यानं म्हटलं त्याला 'काहून' असं कोणी विचारायचं नाही, आधी थांबायचं, मग पाहायचं. सगळ्यांनी होकार दिला. पण आपल्याकडे होकार देणं सोपं असतं. शॉट रंगात असताना तो तोडायला कोण धजावणार, असं माझ्या मनात आलंच.

जाऊ दर रविवारी यायची, बादल्यांच्या ओळीशी उभी राहायची. भाऊजींविना आम्ही काही भाग उरकले. लोक हसायचे, ती नाही. घरीही नाही. भाऊजी तिच्यासमोर नकला करून थकले. मुकादम केला, सर केले, मलाही केलं. ती नुसती पाहायची. मानेचा पट्टा निघाला, खोकला गेला, शीळ परत आली, पण एवढंच राहिलं. एकदा ते मला म्हणाले, "वहिनी, अख्खा जिल्हा हासते मले पाहून. घरात मात्र माह्यं दुकान बंद पडलं." थट्टेच्या सुरात म्हणाले, पण डोळे वर केले नाहीत.

मग त्यांचा परत यायचा रविवार आला. मी मुद्दाम छोटंसं पडणं लिहिलं होतं. मुकादम शिडीवर चढून 'सावकाश काम करा' अशी पाटी घाईघाईनं ठोकतो, असा प्रसंग. खाली जाड गादी. सगळं युनिट आधीच तोंडात दुपट्टे घालून तयार. भाऊजी शिडीवर चढले, आणि काय सांगू, माणूस नुसता पेटला होता. पाटी उलटी धरली, खिळा तोंडात, हातोडी काखेत, आणि खालच्या मजुरांना घाई करण्यावरून दम देताहेत. मी लिहिलेल्या वाक्यांमध्ये ते स्वतःची वाक्यं घालत होते आणि ती माझ्याहून चांगली होती. सर पुढे झुकले होते. कॅमेरावाल्याचे खांदे हलत होते. असा शॉट महिन्यामहिन्यात मिळत नाही. आता पडणार, एवढ्यात आवाज आला.

"थांबा."

माझी जाऊ बादल्यांपासून निघून सरळ कॅमेऱ्यासमोर आली होती. हातात खराटा. जी बाई सेटवर कधी पाणी मागायलाही तोंड उघडत नाही, ती. "शिडीखाली सरकी सांडली हाय," ती म्हणाली.

पाहिलं, तर खरंच. कापसातून निघालेलं ते गोल, निसरडं बी, शिडीच्या एका पायाखाली मूठभर पसरलेलं. गादीच्या बाजूलाच, शिडी घसरली असती तर गादी चुकलीच असती. सर म्हणाले, "कट." कोणी चुकचुकलं नाही. मॅडम घड्याळाकडे पाहायला गेली आणि हात मागे घेतला. भाऊजी तोंडातला खिळा काढून एकेक पायरी उतरले आणि बाजूला उभे राहिले, बायकोसमोर, हातोडी दोन्ही हातांत धरून.

तिनं झाडलं. घाई केली नाही. कोपरा न् कोपरा झाडला, सरकी भरून दूर नेऊन टाकली. शिडी हलवून पाहिली, पाय दाबून पाहिला, मग स्वतः एक पायरी चढून अंगाचा भार टाकला. इतकी माणसं ताटकळत होती, मुंबईची, यवतमाळची, आमच्या गावची, आणि ती तिच्या कामात होती. माझा ऊर भरून आला. तिच्यासाठी मी आजवर एक वाक्यही लिहिलं नव्हतं, आणि सगळ्यांना तिनं जागच्या जागी उभं करून ठेवलं होतं.

"चढा आता," ती नवऱ्याला म्हणाली.

भाऊजी चढले. शॉट पुन्हा सुरू झाला. पहिल्यासारखा पेटला नाही, हे मला कळलं, सरांनाही कळलं असेल. पण भाऊजींनी पाटी ठोकली, पाटीकडे समाधानानं पाहिलं, एक पाय मागे टाकला आणि धप्पकन गादीवर पडले. पाटी त्यांच्या पोटावर. वाक्य वेळेवर आलं. सर म्हणाले, "कट."

सगळे हसले. मी भाऊजींकडे पाहत होते. ते उठले नाहीत. पाटी पोटावर घेऊन, डोळे मिटून तसेच पडून राहिले. लोकांचं हसू ओसरत आलं, सर दोन पावलं पुढे झाले, मीही कागद खाली ठेवले. मग बादल्यांच्या बाजूनं एकटीचं हसू आलं, आधी दबलेलं, मग मोकळं, आवरेना असं.

ते ऐकलं आणि भाऊजी उठून बसले.